एक मीटर रुंदीची पट्टी

कबड्डीच्या मैदानाच्या दोन्ही कडांना एक-एक मीटर रुंदीची पट्टी असते. नियमांच्या पुस्तकात तिला राखीव क्षेत्र म्हणतात, मैदानावर सगळे लॉबी म्हणतात. चढाई सुरू होते तेव्हा ही पट्टी मैदानाबाहेर असते. चढाई करणाऱ्याचा आणि बचाव करणाऱ्याचा स्पर्श झाला, झटापट सुरू झाली, की त्याच क्षणी ती मैदानात येते, आणि चढाई संपली की पुन्हा बाहेर जाते. फक्कीची एकही रेघ हललेली नसते, तरी पुरुषांचं आठ मीटर रुंदीचं मैदान दहा मीटरचं झालेलं असतं.

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं आणि त्याच्या जोडीला जिल्ह्यात कबड्डीची पंच म्हणून काम केलं. मुलींचे सामने, मुलांचे सामने, शालेय स्पर्धा, जत्रेतले रात्रीचे सामने, सगळीकडे उभी राहिले. नव्या पंचांच्या वर्गात शिकवायची वेळ आली तेव्हा मी सुरुवात नेहमी या पट्टीपासून केली. दम, पकड, लोण हे सगळं खेळाडूही जाणतो. पण ही पट्टी आत्ता, या क्षणी, आत आहे की बाहेर, हे सांगायला तिसरं माणूस लागतं. कबड्डीत पंच का आला, याचं माझ्या दृष्टीने हेच उत्तर आहे.

गावातल्या हुतुतूला, म्हणजे जुन्या कबड्डीला, पंच नव्हता. पिकं निघाली, खळी रिकामी झाली की पोरं जमायची, टाचेने मातीत मधली रेघ ओढायची आणि खेळ सुरू व्हायचा. कडेची रेघ कुणी फारशी काढत नसे. बांध, एखादी वाळत घातलेली वैरण, बसलेल्या म्हाताऱ्यांची ओळ, हीच हद्द. वाद झाला तर आवाज ज्याचा मोठा त्याचं खरं, किंवा मग त्या ओळीतला एखादा आजोबा सांगेल ते. माझ्या वडिलांच्या तोंडून मी हे ऐकलं आहे. बांधाला पाठ लागली की पोर बाद, असं त्यांच्या गावी होतं. शेजारच्या गावी बांधावर चढलं तरी चालत असे. दोन गावांचा सामना ठरला की आधी अर्धा तास बोलणी, मग खेळ. ती बोलणी मला फार महत्त्वाची वाटतात, कारण खेळ सुरू व्हायच्या आधी हद्द ठरवायची असते हे त्या निरक्षर माणसांना पक्कं ठाऊक होतं.

देशभर हाच खेळ वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या रिवाजांनी चालू होता. त्यातल्या तीन प्रकारांची नावं जुन्या पुस्तकांत हमखास सापडतात: संजीवनी, गामिनी आणि अमर. गामिनीत बाद झालेला गडी बाहेर बसला की बसला, त्याचा अख्खा संघ बाद होईपर्यंत त्याला परत यायला वाव नाही. संजीवनीत समोरचा एक गडी बाद झाला की आपला एक उठतो. अमरमध्ये बाद होऊन बाहेर जायचंच नसतं, नुसता गुण मोजायचा.

वेळेचं बंधन, खेळाची गती, प्रेक्षकांचं मन, अशी कारणं सांगून संजीवनीची बाजू नेहमी घेतली जाते. मला पंच म्हणून आणखी एक कारण दिसतं. गामिनीत एका पावलाचा निर्णय चुकला तर एक चांगला गडी कितीतरी वेळ मैदानाबाहेर राहतो, आणि त्या एका निर्णयाचं ओझं सगळ्या डावावर पडतं. संजीवनीत तोच गडी दोन-तीन चढायांत उठू शकतो. चूक पुसली जात नाही, पण तिचा भार कमी होतो. माणसाच्या डोळ्यांवर चालणाऱ्या खेळाला एवढी सवलत हवीच. आज आपण खेळतो त्या कबड्डीत गडी बाद होतो आणि उठतो, हे त्या काळच्या निवडीचं फळ आहे.

ही निवड महाराष्ट्रात झाली. १९२१ च्या सुमाराला संजीवनी आणि गामिनी यांची सांगड घालून नियमांचा एक आराखडा तयार झाला. १९२३ मध्ये एका समितीने त्यात सुधारणा केल्या आणि त्याच वर्षी बडोद्याला हिंदविजय जिमखान्याने भरवलेल्या अखिल भारतीय स्पर्धेत ते नियम वापरले गेले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने देशी खेळांना नियमांत बसवण्याचं काम त्याच्या आधीच हाती घेतलं होतं. १९३५ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने देशी खेळांच्या नियमांची पुस्तकं छापली. पुढच्याच वर्षी बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यांत हुतुतूही होता. १९३८ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय ऑलिम्पिक स्पर्धांत हा खेळ आला, १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला, १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा आणि १९५५ मध्ये कलकत्त्याला महिलांची.

या सनावळीत एक गोष्ट सहज नजरेआड होते. पुण्यातल्या, बडोद्यातल्या त्या मंडळींनी हुतुतूला पहिल्यांदा चारी बाजूंनी रेघा दिल्या. बांध आणि वैरण जाऊन तिथे दोरी, खुंटी आणि मोजपट्टी आली. आणि नुसत्या चार रेघा आखून भागेना, म्हणून आतही रेघा आल्या. निदान रेषा आली, कारण चढाईला आलेला गडी मधल्या रेघेपाशीच दम घुमवत उभा राहिला तर खेळ होणार कसा? एकालाही न शिवता परत जायचं असेल तर निदान एकदा तरी इथपर्यंत ये, असं ती रेघ त्याला बजावते. पुरुषांच्या मैदानात आज ती मधल्या रेघेपासून पावणेचार मीटरवर असते. तिच्या मागे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात गडी उभे असताना एवढं खोल जाऊन पाय टाकणाऱ्याला धाडसाचा एक गुण मिळतो. त्यातही अट अशी की एक पाय रेघेपलीकडे टेकलेला आणि दुसरा त्या क्षणी हवेत हवा.

मोजमापंही बदलत गेली. मी पंचाचं काम शिकले तेव्हा पुरुषांचं मैदान साडेबारा मीटर लांब आखायचो, आता तेरा. बायकांचं अकरा मीटर लांब होतं, आता बारा. रुंदी मात्र जुनीच राहिली, पुरुषांना दहा आणि बायकांना आठ. बायकांच्या मैदानातल्या दोन्ही लॉब्या वजा केल्या की स्पर्श होईपर्यंत सहाच मीटर रुंदी उरते. सात मुली हातात हात घालून साखळी करून उभ्या राहिल्या की कोपऱ्यातल्या मुलीची टाच त्या रेघेला जवळजवळ लागलेलीच असते. मुलींच्या सामन्यांत लॉबीचे वाद जास्त होतात याचं कारण काही जण मुलींच्या स्वभावात शोधतात. मला ते कधी पटलं नाही. त्याचं कारण या सहा मीटरमध्ये आहे.

मैदान आखणं हे आमच्याकडे पंचाच्याच देखरेखीखाली चाले. सकाळी पाणी मारून ठेवलेल्या मातीवर दुपारी दोरी ताणायची, कोपरे काटकोनात आलेत का ते बघायचं आणि मग दोरीवरून फक्की सोडत जायचं. काही ठिकाणी चुना वापरत. मी तो वापरू देत नसे, कारण घाम आणि चुना एकत्र डोळ्यांत गेला की पोरांचे हाल होतात. रेघेची रुंदी तीन ते पाच सेंटिमीटर. ही रेघ मैदानाचा भाग असते. हे वाक्य मी वर्गात फळ्यावर लिहीत असे, कारण निम्मे वाद तिथेच मिटतात. रेघेवर पाय पडला म्हणजे गडी बाद होत नाही. रेघेच्या बाहेरच्या कडेपलीकडे जमिनीला अंग लागलं तर बाद.

मातीच्या मैदानावर हे ओळखायची एक रीत होती. माझ्या आधीच्या पिढीतल्या पंचांनी ती मला शिकवली. नुसत्या तळव्याला पांढरं लागलेलं बघून निर्णय द्यायचा नाही, कारण रेघेवर उभं राहण्याची मुभा त्याला आहेच. खाली वाकून मातीकडे बघायचं. फक्की बाहेरच्या मातीवर ओढली गेली असेल, तिथे बोटांचा ठसा उमटला असेल, तर पाय बाहेर पडला. फक्की आतल्या बाजूला सरकली असेल तर तो आतूनच वळला. पाणी मारलेली माती ठसा छान धरते. म्हणून जाणता पंच वाद उठला की आधी हात आडवे पसरून सगळ्यांना थांबवायचा, जेणेकरून त्या जागेवर दुसऱ्या कुणाचा पाय पडू नये. कर्णधाराला बोलवायचं, जागा दाखवायची. ‘बघ बाबा, तूच सांग.’ पुष्कळदा तो कर्णधारच मान हलवून आपल्या गड्याला बाहेर बसवायचा. मला पंचाच्या अधिकाराचं सगळ्यात मोठं रूप तिथे दिसलं, कारण आवाज न चढवता निर्णय लागायचा आणि हरणाऱ्यालाही तो दिसायचा.

जत्रेतल्या सामन्यांत हे साधणं कठीण होतं. एका बाजूला हॅलोजन लावलेले, त्यामुळे गड्यांच्या सावल्या नेमक्या पलीकडच्या लॉबीत लांबच लांब पडायच्या आणि रेघ सावलीत बुडायची. गर्दी सरकत सरकत लॉबीपाशी यायची. लहान पोरं तर पट्टीतच मांडी घालून बसलेली. मंडळाचे कार्यकर्ते दोरी धरून त्यांना मागे रेटायचे आणि पाच मिनिटांत सगळे पुन्हा पुढे. मध्यंतरात मी फक्कीचा डबा घेऊन रेघ पुन्हा ओढायला लावायची. एकदा एका गावी आयोजकांपैकी एक जण म्हणाला, “बाई, आता कशाला, खेळ रंगात आलाय.” मी रेघ पुरी होईपर्यंत शिट्टी मारली नाही. त्या गावाने मला पुढे कधी बोलावलं नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही.

आट्यापाट्यांचा उल्लेख इथे करायलाच हवा. आपल्या मातीतला हा खेळ रेघांचाच आहे. नऊ पाट्या, त्यांना मधून उभी छेदणारी सूरपाटी, आणि प्रत्येक पाटीवर एक गडी. त्याने पाटी सोडायची नाही, समोरच्याने हुलकावण्या देत सगळ्या पाट्या ओलांडून जायचं आणि परत यायचं. तिथे रेघेला चांगली रुंदी असते आणि गडी तिच्यातच राहून खेळतो. तिथून कबड्डीच्या लॉबीकडे बघितलं की वाटतं, हद्दीलाही अंग असतं, तिच्यात उभं राहता येतं, ही जाण आपल्या खेळांत फार जुनी आहे. आट्यापाट्यांचे सामने आता अगदी थोड्या ठिकाणी होतात. शाळांनी तो खेळ सोडायला नको होता.

मग मॅट आली. तिच्यामुळे गुडघे वाचले, पावसाळ्यातही सामने होऊ लागले, परदेशी संघांना खेळ शिकणं सोपं झालं. तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. पण मॅटवर ठसा उमटत नाही. रेघ दुसऱ्या रंगाची असते, तिच्यावरून पाय गेला काय आणि नाही काय, मागे काहीच राहत नाही. मातीत पंचाच्या बाजूने साक्ष द्यायला जमीन होती. मॅटवर तो एकटा पडला. बुटाची कड बाहेर टेकली की हवेतच होती, हे त्याने बघितलं तेवढंच. माझ्या बरोबरीच्या कितीतरी जुन्या पंचांनी मॅटवर उभं राहणं हळूहळू सोडलं, त्याचं कारण वय नव्हतं. “दाखवायला काही उरत नाही,” असं त्यांतले एक जण म्हणाले होते.

ती साक्ष पुढे कॅमेऱ्याने दिली. इतर खेळांतही हेच घडलेलं आहे. १९६६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात वेम्ब्लीवर जेफ हर्स्टचा फटका आडव्या दांडीला लागून खाली आला, चेंडू रेघेपलीकडे गेला की नाही ते स्विस पंच डीन्स्ट यांना दिसलं नाही, आणि त्यांनी अझरबैजानच्या तोफिक बहरामोव्ह या रेषापंचाला विचारून गोल दिला. त्यावर आजही वाद चालतात. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनला आपल्या सचिन तेंडुलकरला धावचीत ठरवताना मैदानावरच्या पंचाने पहिल्यांदाच पडद्यावर बघणाऱ्या तिसऱ्या पंचाकडे निर्णय सोपवला, आणि ते बाद देणं कुणालाही खोटं म्हणता आलं नाही. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली. तीस सेकंदांची चढाई आणि तिसऱ्या रिकाम्या चढाईला करो या मरोची अट घराघरात पोहोचली, आणि पडद्यावर पुन्हा बघून निर्णय घेणंही. आता कुणी रेघेवरून भांडणार नाही असं वाटू लागलं होतं.

७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण यांच्यात पुरुषांचा अंतिम सामना झाला. आपल्या संघात अहमदनगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार होता, नाशिकचा आकाश शिंदे होता. मी तो सामना टीव्हीवर बघत होते. मध्यंतराला भारत १७-१३ असा पुढे होता, पण इराणने गाठलं आणि शेवटचं मिनिटभर उरलं तेव्हा गुण २८-२८. कर्णधार पवन सेहरावत करो या मरोच्या चढाईवर गेला. कुणालाही स्पर्श न होता त्याचा पाय लॉबीत पडला, आणि त्याला धरायला इराणचे बचावपटू त्याच्यामागे लॉबीत घुसले.

कॅमेऱ्याने सगळं स्पष्ट दाखवलं. पवनचा पाय कुठे पडला, स्पर्श झाला होता की नव्हता, इराणचे गडी कधी आत गेले, यातल्या एकाही गोष्टीवर वाद नव्हता. तरी सामना जवळजवळ तासभर थांबला. निर्णय झाला, फिरला, पुन्हा फिरला. एकदा आपले गडी मॅटवर बसले, एकदा त्यांचे. प्रशिक्षक, अधिकारी, पंच घोळका करून उभे होते. माझ्या घरात जमलेली मंडळी मला विचारत होती, “बाई, तुम्ही पंच होता ना, सांगा काय ते.”

मला सांगता येत होतं, आणि अडचण नेमकी तीच होती, कारण उत्तरं दोन होती. जुन्या पोथीप्रमाणे स्पर्श होईपर्यंत लॉबी मैदानाबाहेर आहे. पवन तिथे गेला, तो बाद. त्याच्यामागे जे जे गेले तेही मैदानाबाहेरच गेले, म्हणून तेही बाद. नव्या पोथीप्रमाणे, जी लीगच्या सामन्यांतून रुळली, चढाई करणारा स्पर्श न करता लॉबीत गेला त्याच क्षणी चढाई संपली. संपलेल्या चढाईत मागून कोण कुठे गेलं याला अर्थ नाही. एक बाद, एक गुण, पुढे चला. जुन्या नियमाने भारताला अनेक गुण मिळत होते, नव्याने इराणला एक. पट्टी तीच होती, पाय तोच होता, चित्रही तेच होतं. शेवटी भारताला तीन आणि इराणला एक गुण देण्यात आला, ३१-२९ झाले, आणि सामना ३३-२९ असा भारताने जिंकला.

भारत जिंकला याचा मला आनंद झाला. पण पंच म्हणून मला त्या तासाचं दुःख अजून आहे. जुन्या काळच्या गावांनी सामन्याआधी अर्धा तास बसून जे ठरवलं असतं, ते आशियाच्या सर्वांत मोठ्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला ठरवावं लागलं. आणि इराणच्या खेळाडूंना फसवलं गेल्यासारखं वाटलं असेल तर मी त्यांना दोष देणार नाही. ते या खेळाचे पाहुणे नाहीत. २०१८ मध्ये जकार्ताला त्यांच्या पुरुषांनी आपल्याला उपांत्य सामन्यात हरवलं आणि त्यांच्या मुलींनी अंतिम सामन्यात २७-२४ असं. त्या मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. लॉबी म्हणजे काय, साखळी कशी धरायची, टाच कुठे ठेवायची, हे त्या मुली एका मराठी बाईकडून शिकल्या होत्या.

कोणता नियम बरा, असं मला पुष्कळ जण विचारतात. नव्या नियमाची बाजू मला कळते. तो सोपा आहे, पंचाला चटकन शिट्टी मारता येते, टीव्हीवर बघणाऱ्याला समजतो. जुन्या नियमात एक धूर्त गडी मुद्दाम लॉबीत जाऊन तीन-चार जणांना आपल्यामागे ओढू शकतो, हेही खरं. तरी माझं मत जुन्याच्या बाजूने आहे. कबड्डीत चढाई करणाऱ्याच्या एका पावलावर पंच डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो. तो कुठे उभा आहे, निदान रेषा ओलांडली का, बोनसला पाय हवेत होता का, दम टिकला का. मग बचाव करणाऱ्या सातांनी तरी आपण कुठे उभे आहोत याचं भान का ठेवू नये? समोरचा बाहेर गेला हे ओळखून जागच्या जागी थांबणं, हात आवरणं, हेही बचावाचं कौशल्य आहे. कोपऱ्यावर खेळणाऱ्या मुलीला मी पहिल्या दिवसापासून हेच शिकवलं: त्याच्या पाठी धावायच्या आधी तुझी टाच कुठे आहे ते बघ. नव्या नियमाने हे कौशल्य लागेनासं झालं.

कबड्डीमहर्षी बुवा साळवी यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपल्याकडे कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. शाळाशाळांत सामने होतात, जुन्या खेळाडूंचे सत्कार होतात. बुवांनी आयुष्य घातलं ते हा खेळ गल्लीतून देशात आणि देशातून आशियात नेण्यासाठी. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकांत जागा मिळाली आणि भारताने पहिलं सुवर्ण घेतलं, तेव्हा त्या संघात अशोक शिंदे आणि राजू भावसार हे महाराष्ट्राचे गडी होते. खेळ एवढा पसरला तो सगळीकडे एका नियमाने खेळता येतो या भरवशावर. मद्रासचा संघ, बंगालचा संघ, पंजाबचा संघ आपापला रिवाज बाजूला ठेवून एका पुस्तकाखाली आले, म्हणून राष्ट्रीय स्पर्धा होऊ शकली. प्रत्येकाने काहीतरी सोडलं होतं. आज लीगचं एक पुस्तक, महासंघाचं एक पुस्तक, आणि खेळाडू मात्र तेच, वर्षातून कधी याखाली तर कधी त्याखाली खेळणारे. पायाला एकदा लागलेली सवय लगेच मोडत नाही. बचावपटूचा निर्णय डोक्यात होत नाही, मांडीत होतो. त्याला दोन पुस्तकांखाली खेळवायचं आणि मग शेवटच्या मिनिटाला चूक केली म्हणायचं, हा अन्याय आहे. माझ्या दृष्टीने यावर उपाय एकच: लॉबीचा नियम सगळीकडे एक करा. माझ्या मनासारखा झाला नाही तरी चालेल.

तोवर आमच्या जिल्ह्यातल्या पंचांनी आपल्यापुरती एक रीत घालून घेतली आहे. नाणेफेकीला दोन्ही कर्णधार आले की सरपंच, म्हणजे सामन्याचा मुख्य पंच, त्यांना तिथेच सांगतो, आज लॉबीचा नियम कोणता. स्पर्शाशिवाय गडी लॉबीत गेला आणि मागून बचावपटू गेले तर किती बाद, हे तोंडी उदाहरण देऊन सांगतो आणि दोघांकडूनही तेच परत वदवून घेतो. मग गुणलेखक गुणपत्रिकेच्या कडेला एक ओळ लिहितो आणि दोन्ही कर्णधार तिच्याखाली सही करतात. नवख्या पोरांना याचा कंटाळा येतो. मागच्या हिवाळ्यात शालेय स्पर्धेत आठवीतल्या एका मुलीने मात्र सही करायच्या आधी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “बाई, आणि आमचीच मुलगी साखळीत होती, दुसऱ्या मुलीने तिला लॉबीत ओढलं, तर?” सरपंचाने पुस्तक उघडलं, पान काढलं आणि दोघींना वाचून दाखवलं. सामना दहा मिनिटं उशिरा सुरू झाला.